मालक मागून येत आहेत

कुत्र्याने वजनकाट्यावर तीन पाय ठेवले आणि चौथा जमिनीवरच राहू दिला.

"वॉशर, पूर्ण चढ," ती म्हणाली.

वॉशरने तिच्याकडे पाहिलं. वजनमाप खात्यात नऊ वर्षं निरीक्षक म्हणून काढल्यामुळे ही नजर तिच्या ओळखीची होती. तराजूच्या पारड्याखाली लोहचुंबक चिकटवलेला दुकानदार अगदी असाच बघतो. तिने चौथा पाय उचलून काट्यावर ठेवला. सतरा किलो चारशे.

"बाबा, आता तुम्ही."

"मी कालच केलं."

"कुठे?"

"असंच. अंदाजाने."

तिने काटा पायाने त्यांच्या खुर्चीपर्यंत सरकवला. बाबा टेबलाचा आधार घेऊन उठले आणि काट्यावर उभे राहून समोरच्या भिंतीकडे बघत राहिले, जणू वजन तिथे उमटणार होतं. चौऱ्याहत्तर.

तिने डायरीची मागची पानं उलटली. अकरा रविवारांपूर्वी कुत्रा वीस किलो सहाशे होता आणि बाबा एकाहत्तर. दोघं दर रविवारी एकाच बसने जातात, एकच डोंगर चढतात, एकाच बसने परत येतात. आणि त्यातला एक झडतो, दुसरा बाळसं धरतो.

"हवा मानवली," बाबा म्हणाले. "वर हवा जड असते."

"वर हवा विरळ असते."

"म्हणूनच. विरळ हवेत माणूस फुगतो."

टेबलावर कार्ड पडलं होतं. त्यावर बारा चौकोन होते आणि अकरा चौकोनांत अकरा शिखरांचे जांभळे शिक्के. गिर्यारोहण मंडळाने प्रत्येक शिखरावर एक लोखंडी पेटी ठेवलेली असते. तिच्यात शिक्का, शाईची गादी आणि एक वही. जो वर पोचेल त्याने आपल्या कार्डावर आपल्या हाताने शिक्का मारायचा. कोणी बघायला नसतं. ही व्यवस्था पहिल्यांदा ऐकली तेव्हा तिला दोन दिवस नीट झोप लागली नव्हती.

"वरून काय दिसलं आज?" तिने विचारलं.

"खालचं दिसलं."

"म्हणजे काय काय?"

"सगळंच. लहान लहान." बाबांनी पाय पुढे केले आणि गुडघ्यांवर हात ठेवले. मग तिचं लक्ष आहे हे बघून हात काढून घेतले. "आता एकच राहिलं, साहेब. पुढच्या रविवारी. साडेसहाची बस, सात-वीसला पायथा. नेहमीच्या टपरीपाशी उतरायचं, बाराही शिखरांच्या वाटा तिथूनच फुटतात."

ती निरीक्षक झाल्यापासून बाबा तिला साहेब म्हणत. पण तिने बसची वेळ विचारली नव्हती.

हे सगळं सुरू झालं ते बाबा जिन्यात पडले तेव्हा. चौतीस वर्षं त्यांनी शहरभरच्या लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या आणि आता ते चौथ्या मजल्यावर राहत होते, जिथली लिफ्ट आठ महिने बंद होती. तिचे भाग बनवणारी कंपनीच उरली नव्हती. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर त्यांचा पाय सरकला आणि ते तासभर तिथेच पडून राहिले. भुंकून भुंकून वॉशरचा घसा बसला. शेजाऱ्यांना वाटलं, कुरिअरवाला आला असेल.

त्यानंतर दादा दुसऱ्या शहरातून आला. दादा नोटरी होता. शिक्का असलेल्या कोणत्याही गोष्टीवर त्याचा विश्वास बसे आणि नसलेल्या कोणत्याही गोष्टीवर बसत नसे. बाबांनी आपल्याकडे यावं, बंगली बैठी आहे, एक पायरी चढायची नाही, असं त्याचं म्हणणं. कुत्रा मात्र आणता येणार नव्हता, कारण वहिनीच्या अंगावर गांधी उठत. कुत्र्याच्या केसांनी, आणि कधीकधी नुसत्या विषयाने.

"मी ठणठणीत आहे," बाबा म्हणाले होते. "जिना काय घेऊन बसलात? डोंगर चढून दाखवतो. एक नाही, बारा."

दादाने तिथल्या तिथे करार केला. बारा रविवारांत बारा शिखरांचे बारा शिक्के. मिळाले तर बाबा आहेत तिथेच राहतील. एक जरी कमी पडला तर बाबा दादाकडे जातील आणि 'सदर प्राण्याची अन्यत्र सोय करण्यात येईल'. बाबांनी सही केली. साक्षीदार म्हणून तिने केली. सदर प्राणी टेबलाखाली झोपला होता.

आता दादा दर रविवारी फोन करायचा. "शिक्का आहे ना? मग झालं."

"दादा, त्यांना दोन जिने चढल्यावर धाप लागते."

"शिक्का गोल आहे की चौकोनी?"

"गोल."

"स्पष्ट उमटलाय?"

"हो."

"मग तुझा प्रश्न काय आहे?"

प्रश्न तिला सांगता येत नव्हता. माल बरोबर, माप बरोबर, सगळं बरोबर, आणि तरी कुठेतरी दुकानदार गोड हसतोय, असं काहीतरी होतं.

पुढच्या रविवारी ती सव्वासहालाच स्कूटरवर निघाली. पायथ्याला पोचून तिने दुधाच्या गाडीमागे स्कूटर लावली आणि हेल्मेट न काढताच गाडीच्या कडेने बघत उभी राहिली. सगळीकडे धुकं होतं. डोंगर असायला हवा तिथे नुसता पांढरा पडदा दिसत होता.

सात-वीसला बस आली. बाबा उतरले, मागोमाग वॉशर. टपरीवाल्या मावशींनी न विचारता खुर्ची पुढे केली आणि उकडलेली दोन अंडी बशीत ठेवली. तीन किलोंचा हिशेब तिच्या डोक्यात थोडा जुळला.

"आज फार धुकं आहे हो," मावशी म्हणाल्या. "पाठवताय?"

"शेवटचंच आहे. आज झालं की तो रिटायर."

बाबांनी खिशातून प्लास्टिकचं पाकीट काढून वॉशरच्या पट्ट्याला अडकवलं आणि दोनदा ओढून बघितलं. चौतीस वर्षं लिफ्टचा दोर ज्या हाताने ओढून बघितला त्याच हाताने. मग वॉशरच्या कानात काहीतरी सांगितलं. पाठीवर पिशव्या लावलेली दोन पोरं वाटेला लागत होती. वॉशर त्यांच्या मागे असा निघाला, जसा कोणी ओळखीच्या माणसांबरोबर कामावर जातो.

बाबा खुर्चीतच बसले. तिसरं अंडं मागवलं. एकदा त्यांनी दुधाच्या गाडीकडे पाहिलं आणि मग खुर्ची फिरवून तिकडे पाठ केली. ऊन डोळ्यांवर येत असेल, असं तिला वाटलं. ऊन नव्हतं.

तर असं होतं. अकरा शिखरं कुत्र्याने सर केली होती.

तिला राग यायला हवा होता, आणि तो आलाही. पण त्याच्यासोबत एक चिंता आली, ती अशी की कुत्रा धुक्यात अनोळखी पोरांमागे चाललाय. ती टपरीला वळसा घालून वाटेला लागली.

पहिल्याच वळणावर वॉशर थांबला होता. त्याने तिच्या हेल्मेटचा वास घेतला, शेपटी एकदा हलवली, आणि पुढे निघाला. ओळख आहे, पण कामाच्या वेळी जास्त बोलत नाही, अशा बेताने. तेव्हा तिच्या लक्षात आलं की हेल्मेट अजून डोक्यावर आहे. ते तिने काढून कोपरात अडकवलं.

अर्ध्या तासाने ती दोन पोरं परत येताना भेटली.

"ताई, वर काही दिसत नाही. माघारी चला."

"कुत्रा कुठे गेला?"

"तो गेला पुढे. आम्ही हाक मारली तर असं बघितलं त्याने..." पोराला शब्द सापडेना. "आमचे सर बघतात तसं."

ती चढत राहिली. दगडांवर पांढरे बाण रंगवलेले होते आणि प्रत्येक बाणापाशी वॉशर तिची वाट बघत थांबे. ती आली की निघे. तासाभराने तिच्या पोटऱ्या थरथरू लागल्या. ती दगडावर बसली आणि मनातल्या मनात दादाला सांगायची वाक्यं जुळवू लागली. सगळे शिक्के खोटे आहेत. नाही, शिक्के खरे आहेत, माणूस खोटा आहे. करार मोडला आहे. मग बाबा दादाकडे जातील. मग सदर प्राणी.

सदर प्राणी परत आला होता आणि तिच्या गुडघ्यावर हनुवटी टेकून उभा होता.

"येते," ती म्हणाली.

माथ्यावर वारा होता आणि माणूस एकही नव्हता. रचलेल्या दगडांच्या मध्ये लोखंडी पेटी होती. वॉशर पेटीसमोर जाऊन बसला, पाठ ताठ, आणि त्याने मान वर केली, म्हणजे पट्ट्यातलं पाकीट सहज काढता यावं.

तिने पाकीट उघडलं. आत कार्ड होतं आणि घडी घातलेला एक जाड कागद. त्यावर बाबांचं अक्षर, ज्या अक्षरात ते पूर्वी 'लिफ्ट बंद आहे, कृपया जिना वापरा' अशा पाट्या लिहीत:

'कृपया याच्या कार्डावर शिक्का मारावा. मालक मागून येत आहेत.'

कागदाच्या पाठीमागे वेगवेगळ्या पेनांनी, वेगवेगळ्या हातांनी लिहिलेलं होतं.

'अर्धा तास थांबलो. मालक आले नाहीत. कुत्रा सज्जन आहे.'

'बिस्किट दिलं. शिक्का मारेपर्यंत घेत नाही.'

'मागच्या महिन्यात दुसऱ्या शिखरावर हाच भेटला होता. मालक अजून मागेच आहेत का?'

'मालक, सावकाश या. घाई नाही.'

हे शेवटचं तिने दोनदा वाचलं.

मग तिने पेटी उघडली. शिक्का हातात घेतला, उलटा करून अक्षरं तपासली, गादीवर दाबला. बारावा चौकोन रिकामा होता. वर कोणी नव्हतं. शिक्का मारला असता तर तो गोल आला असता, स्पष्ट उमटला असता, आणि दादाने 'मग झालं' म्हटलं असतं. तिने शिक्का कार्डावर धरला. मनगटात तो जड लागला. नऊ वर्षांत तिने हजारो काट्यांवर शिक्के मारले होते आणि त्यातला एकही न तपासता मारला नव्हता. तिने हात मागे घेतला आणि कार्ड पाकिटात घातलं.

"चल," ती म्हणाली.

वॉशर हलला नाही.

"अरे, मालक आलेले नाहीत. नियम आहे."

वॉशर पेटीकडे बघत राहिला. तिने पट्टा ओढला, तो जमिनीला चिकटला. तिने बिस्किट काढलं, त्याने तोंड फिरवलं. धुक्यात, डोंगराच्या टोकावर, एक सरकारी अधिकारी आणि एक कुत्रा बराच वेळ एकमेकांसमोर बसून राहिले. दोघांपैकी कोणालाच खोटं काम चालणार नव्हतं.

शेवटी तिने पेटीतली वही बाहेर काढली. आपण वर आलो आहोत तर नोंद करायला हरकत नव्हती, ती तर खरीच होती. नाव लिहिलं. तारीख लिहिली. पुढचा रकाना पत्त्याचा होता. 'घर क्रमांक दोन, तळमजला,' तिने लिहिलं आणि पेन तिथेच टेकून राहिलं, इतकं की शाईचा ठिपका पसरला.

करार करताना तिघं टेबलाभोवती बसले होते. दादाच्या बैठ्या बंगलीबद्दल बोलणं झालं, चौथ्या मजल्याबद्दल झालं, वहिनीच्या गांधींबद्दल तर फारच झालं. बाबांच्या घरापासून स्कूटरवर दहा मिनिटांवर असलेल्या तिच्या तळमजल्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नव्हता. दिवसभर दुकानदारांची गोड बोलणी ऐकून ती तिथे यायची, दार लावायची, आणि आत तिला कोणी काही पटवून देत नसे. तिला ते फार आवडायचं. साक्षीदार म्हणून सही करताना तिने ती जरा घाईने केली होती.

वहीतल्या आपल्या ओळीखाली तिने शिक्का मारला. ठप्प.

वॉशर ताडकन उठला, बिस्किट घेतलं आणि उताराला लागला. त्याला फक्त आवाज हवा होता.

उतरताना वॉशर घाईत होता. नेहमीपेक्षा उशीर झाला होता, हे त्याला ठाऊक असावं. खालचा एक तृतीयांश रस्ता उरला होता तेव्हा तो एकदम धावत सुटला आणि धुक्यात दिसेनासा झाला. मग ओरडण्याचा आवाज आला, कुत्र्याचा नाही, माणसाचा.

"अरे! अरे कुठे होतास!"

बाबा वाटेच्या कडेला दगडावर बसले होते. एका हातात टपरीच्या छपराला लावायचा बांबू होता, पँटवर दोन्ही गुडघ्यांपाशी मातीचे गोल डाग. चेहरा राखाडी झाला होता. वॉशर त्यांच्या मांडीत शिरायला बघत होता आणि बाबा त्याचे पाय एकेक करून दाबून बघत होते, पंजे उलटे करून बघत होते, कान उचलून बघत होते. पाकिटाकडे त्यांनी पाहिलंही नाही.

ती समोर येऊन उभी राहिली. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या कोपरातल्या हेल्मेटकडे.

"तू स्कूटर वर नेलीस की काय?"

"नाही."

"बरं." त्यांनी वॉशरचा कान सोडला. "साडेदहापर्यंत येतो हा. बारा वाजले. मावशी म्हणाल्या, येईल. मी म्हटलं, बघून येतो जरा."

"इथपर्यंत चालत आलात?"

"चालत असं नाही म्हणता येणार," बाबा म्हणाले. "बरंचसं बसत आलो."

तिने पाण्याची बाटली दिली. त्यांनी आधी ओंजळीत घेऊन वॉशरला पाजलं, मग स्वतः प्यायले. मग पाकीट उघडलं. रिकाम्या चौकोनाकडे बघत राहिले.

"वर कोणी नव्हतं?"

"मी होते."

बाबांनी मान हलवली. कार्ड पुन्हा पाकिटात घातलं आणि पाकीट नीट दाबून बंद केलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "तुझ्या जागी मी असतो तर मीही नसता मारला."

"तुम्ही अकरा मारून घेतलेत."

"तुझ्या जागी म्हणतोय मी. माझ्या जागी नाही."

तिने हात पुढे केला. ते उठले. उतरताना त्यांचे गुडघे चढताना होते त्याहून वाईट होते. दर दहा पावलांनी थांबावं लागे. एका बाजूने बांबू, एका बाजूने ती, आणि पुढे वॉशर, जो प्रत्येक बाणापाशी थांबून दोघांकडे बघे.

"दादाला फोन कर," बाबा म्हणाले. "आणि याचं बघावं लागेल. मावशी म्हणाल्या होत्या, ठेवते म्हणून. इथे त्याला फिरायला बरंय. लोक येत-जात असतात." ते पुढच्या दगडावर पाय ठेवायची तयारी करत होते आणि ती तयारी फार वेळ चालली. "अंडी देतात त्या चांगली."

दहा पावलं झाली. ते थांबले.

"माझ्याकडे तळमजला आहे," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"कधी बोलला नाहीत."

"तू कधी बोललीस?"

वॉशर पुढच्या बाणापाशी बसला होता. तिने बाबांचा हात आपल्या खांद्यावर नीट घेतला.

"दीडच खोली आहे," ती म्हणाली.

"हो."

"संध्याकाळी मला शांतता लागते."

"तो भुंकत नाही फारसा."

"मी त्याचं म्हणत नाहीये."

"मी रेडिओ हळू लावीन."

"किती हळू?"

"तू माप ठरव. त्याच्यावर जायचा नाही." बाबांच्या चेहऱ्यावरचा राखाडी रंग जरा उतरला होता. पुढची दहा पावलं त्यांनी न थांबता टाकली, आणि त्यानंतरची चारही. "भांडीकुंडी नकोत मला. खाट एक, आणि ते लोखंडी कपाट तेवढं. तुझ्या दारातून ते सरळ नाही जायचं. पण आडवं केलं तर जाईल, दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा इंच उरतं."

ती थांबली. तिच्यामुळे तेही थांबले.

"दार कधी मोजलंत तुम्ही?"

बाबांनी इकडेतिकडे पाहिलं. मग बांबू तिच्या हातात देऊन ते खाली वाकले, त्या गुडघ्यांनी, सावकाश, आणि वॉशरच्या पट्ट्याचं बक्कल, जे नीटच लागलेलं होतं, ते काढून पुन्हा लावू लागले.